डबक्यातील मासा अडकलेला नसतो

सुट्टीच्या दिवसांत ओहोटीच्या वेळी गोव्यातील हणजूण, वागातोर किंवा हरमलच्या खडपांवर फिरणाऱ्या बहुतेकांना एक गोष्ट हमखास दिसते. समुद्र मागे सरकलेला असतो, खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहिलेले असते आणि त्या पाण्यात बोटाएवढे, मातकट रंगाचे, ठिपकेदार मासे आपली सावली पडताच कपारीत शिरतात. पाहणाऱ्याला वाटते, पाणी ओसरताना हे बिचारे मागे राहिले. मग कोणी ओंजळीने, कोणी रिकाम्या बाटलीने त्यांना पकडून समुद्रात सोडतो आणि लहान मुलांना तर हे पुण्याचे काम म्हणून शिकवले जाते. त्यामागची भावना चांगली आहे, यात शंका नाही. परंतु समज चुकीचा आहे आणि त्या समजापायी माशाचेच नुकसान होते, म्हणून हा विषय मुळापासून समजून घ्यायला हवा.

भरती आणि ओहोटी यांच्या मधला पट्टा

भरतीचे पाणी जिथपर्यंत चढते ती रेषा आणि ओहोटीला पाणी जिथपर्यंत उतरते ती रेषा, या दोहोंमधील किनाऱ्याला आंतरभरती क्षेत्र म्हणतात. हा पट्टा दिवसातील काही तास समुद्राचा असतो आणि काही तास जमिनीचा. चंद्राच्या आणि काही अंशी सूर्याच्या आकर्षणामुळे आपल्या किनाऱ्यावर दर दिवशी साधारणपणे दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. त्या दोन भरत्यांची उंचीही सारखी नसते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असतानाच चंद्रही पुढे सरकत असल्यामुळे हे चक्र २४ तासांत पूर्ण न होता सुमारे २४ तास ५० मिनिटांत पूर्ण होते. किनाऱ्यावरील लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेला ढोबळ हिशेब यावरच उभा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. स्थळानुसार त्यात थोडा फरक पडतो, पण तिथीमागे पाऊण तास हे प्रमाण चंद्राच्या रोजच्या उशिराशी बरोबर जुळते.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त उतरतेही. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा चढउतार कमी असतो. गोव्यात उधाणाच्या वेळी हा फरक सुमारे २ मीटर भरतो, तर मुंबईत तो याच्या जवळजवळ दुप्पट असतो. त्यामुळे गोव्यातील हा पट्टा मुळातच अरुंद आहे आणि जिथे जांभ्याचे कडे सरळ समुद्रात उतरतात तिथे तर तो काही पावलांतच संपतो. या अरुंद पट्ट्यातही वरपासून खालपर्यंत वेगवेगळी वस्ती असते. सर्वांत वर, जिथे केवळ लाटांचे तुषार आणि उधाणाचे पाणी पोहोचते तिथे बारीक गोगलगाई असतात, त्याखाली खडकाला चिकटलेली कालवे आणि बार्नकल, आणि ओहोटीच्या रेषेजवळ सरगॅसमसारखी तपकिरी समुद्रशेवाळे. आपले मासे राहतात ते मुख्यतः मधल्या आणि खालच्या भागांतील डबक्यांत, दगडांखाली आणि जांभ्याच्या छिद्रांत.

पाहुणे कोण आणि रहिवासी कोण

डबक्यात दिसणारा प्रत्येक मासा तिथलाच असतो असे मात्र नाही. भरतीबरोबर चरायला आलेली बोय माशाची, म्हणजे गोव्यातील शेवट्यांची, पिल्ले कधीकधी खरोखरच मागे राहतात. ती चंदेरी असतात, थव्याने राहतात आणि पाण्याच्या मधल्या थरात सतत पोहत असतात. हे पाहुणे. रहिवाशांची ओळख याच्या उलट आहे: ते एकेकटे, तळाला टेकून बसलेले, खडकाच्या रंगाचे असतात आणि पोहण्यापेक्षा झटक्याने सरकणे पसंत करतात.

या रहिवाशांत दोन कुळे प्रमुख आहेत. पहिले गोबींचे. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे आणि गोबी तिच्याच नात्यातील होत. खडकाळ किनाऱ्यावरील गोबींपैकी बॅथीगोबियस ही प्रजाती उष्ण प्रदेशांत जगभर पसरलेली आहे. तिच्यातील बॅथीगोबियस फस्कस या जातीचे वर्णन जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एदुआर्द रूप्पेल यांनी १८३० मध्ये तांबड्या समुद्रातील नमुन्यांवरून केले. तांबड्या समुद्रापासून हिंदी महासागर ओलांडून पॅसिफिकमधील बेटांपर्यंत ती आढळते. हा मासा क्वचितच १० सेंटिमीटरच्या पुढे वाढतो. त्याच्या छातीजवळच्या परांचे वरचे काटे झालरीसारखे सुटे असतात, ही त्याची चटकन पटणारी खूण.

दुसरे कुळ ब्लेनींचे. बोजड कपाळ, डोक्याच्या अगदी वरच्या बाजूस आलेले डोळे, कित्येकांच्या कपाळावर बारीक तुरे आणि फणीसारखे दात, ज्यांनी ते खडकावरील शेवाळ खरवडून खातात. गोबींच्या अंगावर खवले असतात, तर ब्लेनींचे अंग खवल्यांवाचून आणि चिकट बुळबुळीत असते.

एका दिवसात डबक्याचे काय काय होते

या माशांचे वेगळेपण कळायचे असेल तर आधी त्यांच्या घराची अवस्था पाहिली पाहिजे. खुल्या समुद्रात दिवस आणि रात्र यांत पाण्याचे तापमान फारसे बदलत नाही. मे महिन्यात गोव्याच्या किनाऱ्यालगतचे पाणी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि आठवडाभर तसेच राहते. पण दुपारच्या ओहोटीला उघड्या पडलेल्या उथळ डबक्यातील पाणी दोन-तीन तासांत ३५ अंशांच्या पुढे जाऊ शकते. त्याच वेळी बाष्पीभवन होऊन पाणी अधिक खारट होते. मग भरतीची पहिली लाट आत शिरते आणि काही क्षणांत सर्व पूर्ववत होते. घरात पाळलेल्या बहुतेक माशांना असा एक झटकाही सोसत नाही, तर या माशांच्या वाट्याला तो रोज येतो.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. जून ते सप्टेंबर या काळात गोव्यात कोसळणारा पाऊस या डबक्यांत थेट गोडे पाणी ओततो. गोडे पाणी हलके असल्यामुळे सुरुवातीला ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते आणि मासा खालच्या खाऱ्या थरात तग धरतो. पाऊस लांबला किंवा वाऱ्याने पाणी ढवळले, की हे दोन थर मिसळतात आणि माशाला आपल्या शरीरातील क्षारांचा तोल स्वतःच सांभाळावा लागतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यापेक्षा पुष्कळ कमी क्षाराच्या पाण्यातही हे मासे काही तास, काही जाती तर त्याहून अधिक काळ, काढू शकतात, कारण त्यांचे कल्ले आणि मूत्रपिंडे गरजेप्रमाणे क्षार बाहेर टाकू शकतात किंवा राखून ठेवू शकतात.

सर्वांत कठीण परीक्षा मात्र प्राणवायूची असते आणि ती रात्री होते. दिवसा डबक्यातील शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करते, इतका की शेवाळाच्या अंगावर बुडबुडे दिसतात. रात्री शेवाळही श्वसनच करते. शेवाळ, खेकडे, शंख आणि मासे असे सर्वजण त्याच थोड्याशा पाण्यातील प्राणवायू वापरत राहतात आणि कर्बवायू वाढल्यामुळे पाणी किंचित आम्लधर्मी होत जाते. भरती पहाटे येणार असेल तर तोवर डबक्यातील प्राणवायू जवळजवळ संपलेला असू शकतो. अशा वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन हवेला टेकलेला पाण्याचा पातळ थर कल्ल्यांवरून फिरवतात, कारण प्राणवायू तिथेच थोडाफार उरलेला असतो. तेही पुरेनासे झाले, तर काही जाती अंग पाण्याबाहेर काढून ओल्या खडकावर येतात आणि हवेतूनच श्वास घेतात. ओहोटीच्या वेळी रात्री विजेरी घेऊन पाहिले, तर काठावर डोके बाहेर काढून बसलेला मासा दिसू शकतो. तो गुदमरून मरायला टेकलेला नसतो, त्या वेळेला योग्य तेच करत असतो.

शरीराची रचना

हवेत श्वास घेण्यासाठी निराळी फुप्फुसे त्यांच्याकडे नाहीत. कल्ले आणि त्वचा ओली असेपर्यंत त्यांतूनच प्राणवायू आत घेता येतो आणि कर्बवायू बाहेर टाकता येतो. म्हणूनच ओल्या शेवाळाखाली किंवा दगडाच्या थंड बुडाशी दडून बसलेला मासा काही तास पाण्यावाचून जगतो आणि अंग सुकले की मात्र मरतो.

लाटांचा मारा सोसण्यासाठीची व्यवस्था अधिक कौतुकास्पद आहे. गोबीच्या पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून त्यांची एक वाटी बनलेली असते. ती खडकाला टेकवली की ती चिकटते आणि ओसरत्या पाण्याच्या ओढीतही मासा जागचा हलत नाही. ब्लेनींना अशी वाटी नसते. त्या आपले लांबट शरीर आणि मजबूत पर फटींत रोवून बसतात. पाण्यात वर तरंगत राहण्यास मदत करणारी हवेची पिशवी, म्हणजे वाताशय, ब्लेनींच्या बहुतेक जातींत नसते. समुद्रात पोहणाऱ्या माशाला ही मोठी उणीव ठरली असती. इथे मात्र तळाशी बसून राहणे हाच बचाव असल्यामुळे ती उपयोगी पडते.

उडी मारण्याआधी जागा ठाऊक असते

आता सर्वांत नवलाच्या गोष्टीकडे वळू. बॅथीगोबियस प्रजातीतील मासे संकट आले की एका डबक्यातून शेजारच्या डबक्यात उडी मारतात. डबक्याच्या आतून शेजारचे डबके दिसत नाही, मध्ये कोरडा खडक असतो आणि अंदाज चुकला तर मासा उन्हात पडतो किंवा बगळ्याच्या तोंडी जातो. तरीही उडी बहुतेक वेळा अचूक पडते. हे कसे घडते, याचा शोध अमेरिकेतील प्राणिवर्तनतज्ज्ञ लेस्टर ॲरन्सन यांनी घेतला. बहामा बेटांतील बिमिनी येथे बॅथीगोबियस सोपोरेटर या जातीवर केलेले त्यांचे निरीक्षण १९५१ मध्ये आणि पुढील प्रयोग १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांनी बनवलेल्या कृत्रिम डबक्यांत काही माशांना ‘भरती’च्या वेळी, म्हणजे सर्व डबकी पाण्याखाली असताना, त्या जागेवरून पोहू दिले. काहींना ही संधी दिलीच नाही. मग पाणी उतरवून माशांना काठीने डिवचले. ज्यांनी ती जागा भरतीत पाहिली होती त्यांच्या उड्या बहुतेक बरोबर पडल्या. ज्यांनी पाहिली नव्हती ते एकतर उडी मारेनात किंवा भलतीकडेच पडले. म्हणजे उडी मारणे उपजत असले, तरी कुठे मारायची हे मासा शिकतो, आणि एका भरतीत शिकतो. सुमारे ४० दिवस त्या जागेपासून दूर ठेवलेल्या माशांनाही ती आठवत होती.

वीज गेल्यावर आपण स्वतःच्या घरात अंधारातही उंबरठा, कपाट आणि पाण्याचा माठ चुकवत चालतो, परक्या घरात मात्र पहिल्याच पावलाला ठेच लागते. या माशाचेही तसेच आहे. भरतीत त्याने उजेडात घर पाहिलेले असते आणि ओहोटीत त्या आठवणीवर तो जगतो.

हा निव्वळ योगायोग असेल, एवढ्याशा माशाला कसली स्मरणशक्ती, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी खडकाळ आणि वाळूच्या किनाऱ्यांवरील गोबींची तुलना केली, तेव्हा जागा लक्षात ठेवण्याच्या कसोटीत खडकांवरील जाती सरस ठरल्या आणि दोन्ही गटांच्या मेंदूच्या रचनेतही फरक आढळला. वाळूत खुणाच नसतात, तिथे आठवण ठेवून उपयोग नाही. खडपावर तिच्यावाचून चालत नाही.

या स्मृतीला वेळेचे भानही जोडलेले आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर. एन. गिब्सन यांनी १९६० च्या दशकात तिकडच्या किनाऱ्यावरील एका ब्लेनीला प्रयोगशाळेत, जिथे भरती-ओहोटी नाही अशा पाण्यात, ठेवले. तरीही तो मासा काही दिवस बाहेरच्या भरतीच्या वेळेलाच अधिक हालचाल करत राहिला. भरतीचे घड्याळ त्याच्या शरीरातच होते.

अंड्यांची राखण बापाकडे

बॅथीगोबियस फस्कसचा नर दगडाच्या खालच्या बाजूस किंवा कपारीत जागा धरतो, मादीला तिथे बोलावतो आणि तिने दगडाला चिकटवलेल्या अंड्यांची राखण करतो. परांनी पाणी हलवून तो अंड्यांना ताजे पाणी पुरवतो आणि खायला आलेल्यांना हुसकावतो. जपानमधील अभ्यासात असे दिसले की ज्या लहान नरांना जागा मिळवता येत नाही, ते मोठ्या नराच्या घरट्यात गुपचूप शिरून अंडी फलित करून जातात. अंड्यांतून निघालेली पिल्ले मात्र डबक्यात राहत नाहीत. ती समुद्राच्या प्रवाहात तरंगत वाढतात आणि थोडी मोठी झाली की पुन्हा एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर येऊन स्थिरावतात.

यावरून एक अगदी व्यावहारिक गोष्ट निघते. कुतूहलाने उलटा केलेला दगड तसाच उलटा सोडला, तर त्याखालची अंडी उन्हात सुकतात, आणि दगडाच्या वरच्या अंगाला वाढलेले शेवाळ अंधारात मरते. एका दगडाची दोन्ही घरे एकाच वेळी मोडतात.

समुद्रात सोडले तर बिघडते कुठे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. डबक्यातून उचलून समुद्रात टाकलेल्या गोबीला पाणी भरपूर मिळते, पण त्याचा ठाऊक असलेला प्रदेश जातो. पुढची ओहोटी येईल तेव्हा कोणत्या फटीत शिरायचे आणि धोका आला तर कुठे उडी मारायची, हे त्याला माहीत नसते. खोल पाण्यात, एरवी डबक्यापर्यंत न पोहोचणारे मोठे मासे टपलेले असतात आणि दूरवर पोहत राहणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. अंडी राखणारा नर उचलला गेला तर अंडीही उघडी पडतात. काही जातींचे मासे थोड्या अंतरावर सोडले तर आपल्या डबक्यात परत येतात, असे उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरील खडकमाशांच्या अभ्यासांतून दिसले आहे, आणि त्यात वासाचाही वाटा असतो. पण परत येण्याची क्षमता आहे म्हणून त्यांना हलवावे, असे होत नाही.

डबके अगदीच आटत चालले असेल आणि त्यात शेवट्यांची चंदेरी पिल्ले तडफडत असतील, तर त्यांना पाण्यात सोडण्यास माझी हरकत नाही. तळाशी बसलेल्या मातकट माशाला मात्र हात लावू नये.

जो मासा बाजारात येत नाही, त्याची चिंता का?

हा आक्षेप गोव्यात अनेकदा ऐकू येतो, आणि तो अगदीच गैरलागू नाही. या माशाला वजन नाही आणि बाजारभावही नाही. परंतु शेवाळ, बारीक खेकडे आणि कोळंबीसारखे कवचधारी जीव खाऊन तो त्यांचे मांसात रूपांतर करतो. हेच मांस खडपावर उभा असलेला समुद्र बगळा खातो आणि भरतीबरोबर येणारे मोठे मासेही खातात, ज्यांतील काही आपल्या जाळ्यात येतात. त्याच्या तरंगत्या पिल्लांवरही समुद्रातील असंख्य लहान मासे जगतात. बाजाराची साखळी जिथून सुरू होते, तिथे तो उभा आहे.

दुसरा युक्तिवाद असा की समुद्र एवढा मोठा आहे, इथले गेले तर दुसरीकडून येतील. पिल्ले प्रवाहाबरोबर येतात हे खरे, पण ती उतरण्यासाठी खडक लागतो. गोव्याचा किनारा मुख्यतः वाळूचा असून दोनापावल, आग्वाद, बोगमाळो, काब द राम अशा भूशिरांपाशीच तो खडकाळ होतो, आणि या जागा एकमेकींपासून दूर आहेत. एका भूशिराचा खडप सिमेंटच्या भिंतीखाली किंवा भरावाखाली गेला, तर तेथे उतरणाऱ्या पिल्लांना पुढचा खडक कित्येक किलोमीटरवर मिळतो. सपाट सिमेंटच्या भिंतीला ना छिद्रे असतात ना खळगे. जांभ्याची सच्छिद्रता, जी बांधकाम करणाऱ्याला दोष वाटते, तीच माशाचे घर आहे.

कायदा काय सांगतो आणि कशाची भीती आहे

किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली, त्यानंतर २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. २०१९ च्या अधिसूचनेनुसार भरती रेषा आणि ओहोटी रेषा यांमधील भाग ‘क्षेत्र १-ब’ मध्ये मोडतो आणि तेथील कामांवर कडक निर्बंध आहेत, जरी धक्के आणि बंदरे यांसारख्या काही कामांना त्यातून वाट आहे. सेटबॅकच्या, म्हणजे भरती रेषेपासून बांधकाम किती मागे ठेवायचे या, अंतराबद्दल गोव्यात जेवढी चर्चा होते, तेवढी या ओल्या पट्ट्याबद्दल होत नाही, आणि माझ्या मते ही चर्चेतील मोठी उणीव आहे.

कायद्याने थांबत नाहीत असे धोकेही आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्रातून डांबराचे गोळे किनाऱ्याला लागतात, हा गोव्याचा जुना अनुभव असून दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास केलेला आहे. वाळूवरील गोळे यंत्राने किंवा हाताने उचलता येतात. जांभ्याच्या छिद्रांत शिरलेले डांबर काढता येत नाही. तापमानवाढीचा प्रश्न याहून गंभीर आहे. एवढी उष्णता सोसणाऱ्या माशाला आणखी एक-दोन अंशांनी काय होणार, असे वाटू शकते. वस्तुस्थिती उलट आहे: उष्ण प्रदेशातील हे मासे आपल्या सहनशक्तीच्या वरच्या टोकाजवळच राहत असल्यामुळे त्यांच्याकडे शिल्लक फार थोडी असते.

पाहायचे असेल तर

अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी निवडावी आणि पाणी पूर्ण उतरण्याच्या तासभर आधी पोहोचावे. डबक्यावर सावली पडणार नाही अशा बाजूला बसून काही मिनिटे हालचाल न करता पाहावे, कारण पळालेला मासा लवकरच पुन्हा तळाशी येऊन बसतो. दगड उलटलाच तर आधी होता तसाच, त्याच अंगावर, परत ठेवावा. पाणी वळले की लगेच मागे फिरावे, आणि जून ते सप्टेंबर या काळात लाटा अनपेक्षितपणे चढत असल्यामुळे या खडपांवर उतरूच नये.